एक बरणी, एक तवा

[दृश्य : लिंबू कापणारे हात. शेजारी घट्ट झाकणाची काचेची बरणी.]

कॉकटेल म्हटलं की बाटल्यांची रांग आणि हवेत शेकर उडवणारा बारटेंडर डोळ्यांपुढे येतो. पण १८०६ साली अमेरिकेतल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्राने कॉकटेल म्हणजे काय ते छापलं, तेव्हा त्यात चारच गोष्टी होत्या : मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे कडू वनस्पतींचा मद्यातला अर्क. थाटमाट नंतरचा.

आपल्याला तर एक प्रमाण पुरतं. दोन भाग मद्य, एक भाग लिंबाचा रस, एक भाग साखरेचा पाक. रम घ्या, जिन घ्या, व्हिस्की घ्या. पेय बदलतं, प्रमाण तेच. पाक म्हणजे समान साखर आणि पाणी, विरघळेपर्यंत ढवळलेलं. रस मात्र त्याच दिवशी पिळलेला हवा. बाटलीतल्या रसाने हे पेय कधीच खुलत नाही.

[दृश्य : बरणीत बर्फ पडतो. झाकण लागतं. बरणी जोरात हलते.]

आता बर्फ. लोक इथेच हात आखडता घेतात. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापायला एक कॅलरी उष्णता लागते; एक ग्रॅम बर्फ वितळायला लागतात ८०. म्हणजे पेय खरं गार होतं ते बर्फ वितळताना. आणि ते वितळलेलं पाणी पेयाचाच भाग असतं. तयार पेल्यातला साधारण पाव हिस्सा तेच असतं. ते नसेल तर घोट घशाला जाळतो. म्हणून बरणी बर्फाने भरा आणि १२ ते १५ सेकंद जीव तोडून हलवा.

ऋतू येतो तो फळांतून. उन्हाळ्यात कलिंगडाच्या चार फोडी बरणीतच ठेचा, पाक निम्मा करा. थंडीत संत्र्याची साल साखरेत चुरून काही तास झाकून ठेवा. सालीतलं तेल साखर ओढून घेते, आणि त्या साखरेच्या पाकाला येणारा वास रसातून कधी मिळत नाही. फळ दर वेळी सारखं गोड नसतं, तेव्हा आधी चाखा, मग पाक मोजा.

गारठ्यात बर्फाची गरजच नाही. व्हिस्की, मध, लिंबू, वर गरम पाणी : हीच हॉट टॉडी. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, म्हणून व्हिस्की गॅसवर चढवू नका.

मद्य नको असेल तर कडक कोरा चहा गार करून त्याच मापाने घाला. त्याचा तुरटपणा पेयाला अंग देतो. नुसत्या सरबतात ते नसतं.

[दृश्य : मंद आचेवर तवा. लोणी पसरतं.]

खाणं मात्र आधी. पोटात काही असलं की मद्य रक्तात हळू उतरतं.

चीज सँडविचचं सगळं काम आचेचं आहे. पाव चटकन करपतो, चीजला वेळ हवा असतो. आच मंद ठेवा, झाकण घाला. कोंडलेल्या वाफेने चीज विरघळतं. शेवटच्या मिनिटाला झाकण काढा, कवच पुन्हा कुरकुरीत होईल.

टोमॅटोच्या सूपला कांदा, लोणी, मीठ आणि धीर पुरतो. कांदा नीट मऊ झाल्याशिवाय टोमॅटो टाकू नका. आंबट लागलं तर चिमूटभर साखर. बरणीत जो आंबट-गोडाचा तोल साधला, तोच इथे पातेल्यात साधायचा आहे.

[दृश्य : मोठा जग. चार पेले.]

चौघांसाठी करायचं तर जग काढा : २४० मिली मद्य, १२० मिली रस, १२० मिली पाक. बरणी हलवायची नाही, म्हणून बर्फातून येणारं पाणी आपणच घालायचं, १६० मिली. फ्रिजमध्ये दोन तास ठेवा. सोडा हवा असेल तर तो पेल्यात, अगदी शेवटी.