बाई उद्यापासून येणार नाहीत, हे पोरांना कोण सांगणार?

नमस्कार. पत्रिकेत माझा विषय 'न्यूझीलंडमधलं बालशिक्षण आणि आपण' असा छापलाय, आणि त्यावर मी बोलणार आहे, काळजी करू नका. पण कार्यवाहांनी मला पाऊण तास दिला होता, त्यातली बरीच मिनिटं माझी ओळख करून देण्यातच गेली, त्यात आमच्या आजोबांची येळ्ळूरची शेतीपण येऊन गेली, त्यामुळं आधी मला जे मनापासून बोलायचंय ते बोलून घेते, उरलेल्या वेळात विषय. (हशा)

आणि स्लाईड्स नाहीत. मघाशी दारात दोघातिघांनी विचारलं, फोटो बिटो दाखवणार काय म्हणून. नाही. तिकडं न्यूझीलंडला बालवाडीत पाय ठेवायच्या आधी पोलिसांकडून तुमची पडताळणी होते, 2014 चा कायदाच आहे तसा, आणि मुलांचे फोटो आपल्या मोबाईलवर काढायचे नाहीत म्हणजे नाहीत. आपल्याकडं पहिल्या दिवशीच पोरांचे फोटो स्टेटसला लागतात, तिकडं मी एवढे दिवस राहून आले आणि माझ्याकडं एका पोराचा फोटो नाही. आईला अजून संशय आहे की मी खरंच तिकडं शिकवायला गेले होते का भांडी घासायला.

तर मला बोलायचंय ते निघून जाण्याबद्दल. लहान पोराला सोडून जायची आपल्याकडं एकच पद्धत आहे आणि ती घराघरात पाठ आहे. 'तो बघ कावळा!' पोरगं कावळा बघायला वळलं की आई रिक्षात. आमचे काका मराठा लाईट इन्फंट्रीत होते. इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरात कुणी ना कुणी फौजेत असणार, त्यामुळं पुढचं तुम्हाला माहीतच आहे. सुट्टी संपली की काका पहाटेच्या गाडीनं निघायचे, चुलतभाऊ झोपेत असताना. तो उठला की आजी सांगायची, पप्पा कुंदा आणायला गेलेत. आता मला सांगा, बेळगावात कुंदा आणायला किती वेळ लागतो? पोरगं आपलं उंबऱ्यावर बसून. मग सहा-सात महिन्यांनी काका यायचे आणि हातात खरंच कुंद्याचा बॉक्स असायचा, म्हणजे आजी खोटं बोलली असं म्हणायचीपण सोय नाही. (हशा) हसा, पण काका सुट्टीवर आले की तो पोरगा रात्री झोपायचा नाही. डोळे ताणून बसायचा, पेंगायचा, परत दचकून उठायचा, काकांच्या बनियनचं टोक मुठीत धरून. सगळे म्हणायचे, काय हट्टी आहे बघा. हट्टी कसला? त्याचा हिशोब बरोबर होता. आपण झोपलो की हा माणूस जातो.

शाळेतपण हेच चालतं. बी.एड.ची पोरं सरावपाठाला येतात, खडू-फळा, चार्ट, रंगीत कार्डं, वर्गात एकदम जत्रा. 2014 च्या नियमांनंतर बी.एड. दोन वर्षांचं झालं, छात्रसेवाकाल, म्हणजे शाळेत राहून शिकवायचा काळ, एकूण वीस आठवड्यांचा झाला, म्हणजे चांगली ओळख होण्याइतका वेळ मिळतो. शेवटचा पाठ झाला, मुख्याध्यापकांची सही झाली, वहीवर शिक्का बसला की ही मंडळी गायब. अतिथी शिक्षकांचं तर बोलायलाच नको, वर्ष संपलं की संपलं, पुढच्या जूनला कोण येणार ते त्यांनाच माहीत नसतं तर पोरांना काय सांगणार. पोरं विचारतात, बाई कुठं गेल्या? उत्तर ठरलेलं, 'येतील उद्या, गप बसा.'

आता तिकडचं ऐका. मी हॅमिल्टनला होते, वायकाटो नदीच्या काठचं शहर, पाऊस म्हणाल तर आपल्याशी स्पर्धा करेल असा. बालवाडीत तीन ते पाच वर्षांची मुलं. माझी प्लेसमेंट, म्हणजे तिकडचा सरावाचा काळ, संपायला दोन आठवडे राहिले तशा माझ्या मेंटॉर बाई म्हणाल्या, सोमवारी चटईवर मुलं गोल बसतील तेव्हा तू सांगायचंस. मला वाटलं काय सांगायचं, गाणं? तर म्हणाल्या, तू जाणार आहेस हे. मी म्हटलं, एवढ्या लवकर? रडतील की. त्या म्हणाल्या, रडतील, म्हणूनच लवकर, तू इथं असतानाच रडू देत.

सांगितलं. पहिला प्रश्न एका चार वर्षांच्या पोरीचा, 'म्हणजे तू मरणार?' (हशा) नाही म्हटलं बाई, घरी जाणार. 'तुझी आई तुला न्यायला येणार का?' त्यांच्या हिशोबानं बरोबरच आहे, घरी जायचं म्हटलं की आई न्यायला येते. मी म्हटलं, माझी आई बेळगावात आहे, मी विमानानं जाणार. त्यावर एकानं हात वर करून विचारलं, मग सुतारकामाच्या टेबलाशी कोण उभं राहणार? हा खरा प्रश्न. तिकडं बालवाडीत खरा हातोडा, खरी करवत, खरे खिळे असतात, फक्त तिथं एक मोठं माणूस उभं असलं पाहिजे. आणि तो पोरगा माझ्यामुळं रोज लाकडाच्या फळीत खिळे ठोकत बसायचा, जहाज म्हणून. त्याला माझी नाही, खिळ्यांची काळजी. आम्ही त्याच्यासमोरच ठरवलं की मी गेल्यानंतरच्या सोमवारपासून अमक्या बाई उभ्या राहतील, आणि उरलेल्या दिवसांत त्या बाई माझ्याबरोबर येऊन उभ्या राहायला लागल्या, म्हणजे त्याला आधीपासून सवय.

भिंतीवर कागदाची पट्टी लावली, जेवढे दिवस उरलेत तेवढी घरं, रोज एकानं एक घर फाडायचं. फाडायला भांडणं. एक मुलगा मात्र त्या सोमवारपासून माझ्याशी बोलायचाच बंद झाला. मी शेजारी बसले की उठून वाळूत जायचा. मला वाईट वाटलं, मी मेंटॉर बाईंना म्हटलं, याला चॉकलेट देऊ का? त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की बास. म्हणाल्या, त्याला राग आलाय, तो त्याचा आहे, तू फक्त रोज त्याला गुड मॉर्निंग म्हण. म्हटलं रोज. शेवटच्या आदल्या दिवशी तो आला, माझ्या गमबुटात वाळूची बादली ओतली आणि पळाला. आमचं मिटलं.

एक गंमत सांगते, वेळ आहे का? आहे. निरोपाला मी इथनं सागरगोटे मागवून घेतले होते, आजीनं पाठवलेले, आपल्या वडगावच्या बाजारातले. मेंटॉर बाईंनी टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी काढली, त्यात सागरगोटा टाकला, तो टपकन खाली पडला. झालं. नळीतून आरपार जाणारी वस्तू लहानांच्या हातात द्यायची नाही, घशात अडकू शकते. आजीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, तुम्ही पाच भावंडं त्यावर वाढलात, एकानं तरी गिळला काय? (हशा) शेवटी आपलं पावसाचं एक बडबडगीत शिकवून आले. हॅमिल्टनमध्ये पावसाला बोलवायचं गाणं! तिथले आईबाप मला शिव्या घालत असतील.

मुद्दा असा की ती मुलं या निरोपाला तयार होती, कारण तिथं निरोप हा नेहमीचा कार्यक्रम आहे. तिकडं बरीचशी मुलं पाचवा वाढदिवस झाला की शाळेत जातात, सगळी एकदम जूनमध्ये नाही, ज्याचा त्याचा दिवस. त्यामुळं बालवाडीतनं सारखं कुणीतरी जात असतं, आणि प्रत्येकासाठी गाणं, केक, दोन शब्द.

आणि हे काही कुणाचं लाडाचं खूळ नाही. 1952 मध्ये जेम्स रॉबर्टसन नावाच्या माणसानं लंडनमध्ये हॉस्पिटलात ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीची फिल्म लोकांसमोर आणली. तेव्हा आईबापांना पोराजवळ थांबू देत नव्हते, नर्स म्हणायच्या मुलं दोन दिवसांत शांत होतात. त्यानं दाखवलं की ते शांत होणं म्हणजे बरं होणं नाही, पोर आतनं मिटतंय. डॉक्टर लोक चिडले त्याच्यावर, पण 1959 मध्ये तिथल्या सरकारी समितीनं आईबापांना भेटू द्या अशी शिफारस केली. म्हणून 'आमचा बाळ्या दोन दिवसांत बाईंना विसरला' असं कुणी कौतुकानं सांगितलं की मला...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, विषय.

तिकडचा बालशिक्षणाचा आराखडा, त्याचं नाव 'ते फारीकी', 1996 चा, 2017 मध्ये सुधारला. त्यात गणित-भाषा असे विषय नाहीत, मुलाचं स्वास्थ्य, आपलेपणा, सहभाग, संवाद आणि शोध अशा पाच अंगांनी बघतात. परीक्षा नाही, मूल काय करत होतं त्याची गोष्ट लिहून फाईलला लावतात, मीपण लिहिल्या, त्या खिळेवाल्याचीपण. दिवसभराच्या केंद्रात दोन वर्षांखालच्या पाच मुलांमागं एक मोठं माणूस, त्यावरच्या साधारण दहांमागं एक. तीन वर्षांपासून आठवड्याला वीस तासांचा खर्च सरकार उचलतं, 2007 पासून. माओरी, म्हणजे तिथल्या मूळ लोकांच्या, भाषेच्या बालवाड्या 1982 ला सुरू झाल्या, घरची भाषा वाचवायला आजी-आजोबाच पुढं आले. यावर बेळगावात बोलायला लागलं की सभा रात्री बारापर्यंत चालते, म्हणून पुढं जाते. आपल्याकडं काही नव्हतं असं नाही, ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी काढली, अंगणवाड्या 1975 पासून आहेत. एका ताईकडं किती पोरं आणि किती रजिस्टरं ते बघा आणि मग तुलना करा, मी ताईंना नावं ठेवणार नाही.

माझी मागणी फुकटातली आहे. बी.एड., डी.एड.च्या छात्रसेवाकालाच्या वहीत शेवटच्या आठवड्याचं एक पान वाढवा. मुलांना कधी सांगितलं, काय सांगितलं, कुणी काय विचारलं, आपलं काम कुणाकडं सोपवलं. आणि त्याला पाच मार्क ठेवा, कारण मार्क नसले तर आपण काही करत नाही. बदली झालेल्या शिक्षकांना निदान एक दिवस वर्गात जाऊन सांगून येऊ द्या, सरकारी आदेश हातात पडला त्याच दुपारी सोडायला लावू नका.

कार्यवाह उभेच राहिले. प्रश्न असतील तर विचारा, फक्त तिकडं पगार किती मिळतो तो सोडून. तो चहाच्या वेळी सांगते.