झाकण उघडलं, हे लपता कामा नये

(कुडाळ येथे फळप्रक्रिया करणाऱ्या लहान उद्योजकांपुढे आणि बचत गटांपुढे केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. मे महिन्यात इथे घराघरांत रातांबे फोडले जातात आणि पावसाच्या तोंडावर अमृत कोकम, आगळ, करवंदाचं सिरप, जांभळाचा रस यांच्या बाटल्या मुंबई-पुण्याच्या वाटेला लागतात. चव कशी राखायची, रंग कसा धरून ठेवायचा, हे तुम्ही मला शिकवायचं. माझं काम झाकणांच्या साच्यांचं. म्हणून मी बोलणार आहे ते बाटलीच्या वरच्या दोन सेंटिमीटरबद्दल. तुमचं नाव टिकतं किंवा जातं ते तिथेच, असं मला मनापासून वाटतं.

‘सीलबंद’ म्हणजे कोणाला उघडता येणार नाही असं, ही अपेक्षा आधी सोडून द्या. ज्याला उघडायचंच आहे तो कुठलंही झाकण उघडतो. झाकणाकडून मागायचं ते एवढंच, की एकदा उघडल्यावर ते पुन्हा कोरं दिसता कामा नये. आणि हे ओळखायला गिऱ्हाइकाला भिंग लागू नये. काउंटरवर, एका हातात पिशवी असताना, त्याला ते कळलं पाहिजे.

हा विचार जगभर रुजला तो एका भयंकर प्रकारामुळे. 1982 च्या सप्टेंबरअखेरीस शिकागो परिसरात दुकानात ठेवलेल्या टायलेनॉल या वेदनाशामकाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड घातलं आणि सात माणसं गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांच्या पॅकिंगसाठी नियम काढले. कॅप्सूल हा आपला विषय नाही, पण त्या नियमांतल्या दोन गोष्टी आपण उचलण्यासारख्या आहेत. एक म्हणजे, सीलवर आपलं नाव, चिन्ह किंवा नक्षी असावी, म्हणजे तसंच दुसरं सील बाजारातून सहज आणता येणार नाही. दुसरी म्हणजे, सील कसं असायला हवं हे पॅकिंगवर लिहावं, आणि तेही सील तुटलं तरी मजकूर शाबूत राहील अशा जागी.

या कसोटीवर आपल्याकडची कोरी पारदर्शक श्रिंक स्लीव्ह लावून बघा. झाकणावर चढवायची, गरम हवा मारली की आवळून बसते. स्वस्त आहे, सोपी आहे. पण तीच कोरी स्लीव्ह पॅकिंगच्या कुठल्याही दुकानात मिळते. जुनी फाडली, आतलं बदललं, नवी चढवली, की कोणाला पत्ता लागत नाही. ती धूळ अडवते, मुंग्या अडवते, पण पुरावा देत नाही. वापरायचीच असेल तर आपलं नाव छापून घ्या.

आता फिरकीचं झाकण. पाण्याच्या बाटलीचं झाकण नीट बघितलंत तर खाली एक कडं दिसेल. कडं आणि झाकण यांच्यामध्ये प्लास्टिकचे बारीक दुवे असतात, आम्ही त्यांना ब्रिज म्हणतो. प्रत्येकाची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. कड्याच्या आतल्या बाजूला पाकळ्या असतात, वर वळलेल्या. बाटलीच्या मानेवर आट्यांखाली एक गोल उंचवटा असतो. त्याची वरची बाजू उतरती आणि खालची कडक, जवळजवळ काटकोनात. झाकण बसवताना पाकळ्या उतारावरून घसरत खाली जातात. उलटं फिरवलं की त्या खालच्या कडेला अडकतात, झाकण वर चढत राहतं, कडं खालीच राहतं आणि ब्रिज तुटतात.

यात खरी अडचण अशी की ब्रिज बसवताना टिकले पाहिजेत आणि उघडताना तुटले पाहिजेत. कडं उंचवट्यावरून उतरताना ताणलं जातं, तेव्हा सगळा भार ब्रिजवर आला तर ते मशीनवरच तुटतील. म्हणून झाकण आणि कडं यांच्यामध्ये छोटे टेकू ठेवतात. झाकण खाली दाबलं जात असताना टेकू एकमेकांना भिडतात आणि भार घेतात, उघडताना मात्र ते बाजूला होतात आणि ओढ एकट्या ब्रिजवर येते. ही रचना पहिल्यांदा समजली तेव्हा मला फार आनंद झाला होता, आजही होतो.

याहून महत्त्वाचा आहे क्रम. ब्रिज आधी तुटले पाहिजेत, आतलं सील, म्हणजे झाकणातली बाटलीच्या तोंडावर दाबून बसणारी चकती, नंतर सुटली पाहिजे. उलट झालं तर कोणी झाकण थोडं सैल करेल, आत काही सोडेल, परत आवळेल आणि कडं अखंड राहील. आपण हिशोब करू. 28 मिलिमीटरच्या एका चालू प्रकारात आट्यांचा पिच 2.7 मिलिमीटर असतो. म्हणजे पूर्ण एक फेरा फिरवलं की झाकण 2.7 मिलिमीटर वर येतं, 60 अंश फिरवलं की 0.45 मिलिमीटर. पाकळी आणि उंचवटा यांच्यात अर्धा मिलिमीटर फट राहिली असेल तर पहिले पासष्ट-सत्तर अंश कड्याला काही कळतच नाही. त्यानंतर ब्रिज ताणले जाणार, मग तुटणार. तेवढ्या वेळात झाकणाच्या आतली चकती बाटलीच्या तोंडावरून सुटली तर ते झाकण शोभेचं. म्हणून नमुन्याची बाटली घ्या, झाकणावर आणि मानेवर पेनने एक रेघ मारा आणि बाटली उलटी धरून हळूहळू फिरवा. आधी ‘कट्’ आवाज यायला हवा, थेंब नंतर. थेंब आधी आला तर ती जोडी घेऊ नका.

जोडी हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आपल्याकडे बाटल्या एका व्यापाऱ्याकडून आणि झाकणं दुसऱ्याकडून घेण्याची पद्धत आहे. ‘अठ्ठावीसचं झाकण द्या’ म्हटलं की काम झालं असं वाटतं. पण अठ्ठावीसमध्येच दोन माना प्रचलित आहेत. मापांवरून ठरलेली त्यांची नावं पीसीओ 1810 आणि पीसीओ 1881. आट्यांचा बाहेरचा व्यास दोन्हींत सारखा, तोंडाचा आतला व्यासही सारखा. मात्र 1810 ची मान 21 मिलिमीटर उंच, 1881 ची 17. प्लास्टिक वाचवायला नंतर ती आखूड केली गेली. पिच एकीचा 3.18, दुसरीचा 2.7. आखूड मानेचं झाकण उंच मानेवर लावलं तर कडं उंचवट्याच्या खाली पोचतच नाही. उंच मानेचं आखूड मानेवर लावलं तर कडं मानेखालच्या जाड कॉलरवर टेकतं आणि वरचं सील बसत नाही. टेबलावर दोन्ही बाटल्या बंद झाल्यासारख्या दिसतात. एसटीच्या टपावरून किंवा टेम्पोतून घाट चढल्यावर खोक्याचा तळ चिकट झाला की मग कळतं. म्हणून व्यापाऱ्याकडे मानेचं ड्रॉइंग मागा. देत नसेल तर व्यापारी बदला.

काचेच्या बाटलीवर बरेच जण अॅल्युमिनियमचं आरओपीपी, म्हणजे रोलरने बाटलीवरच घडवलं जाणारं, झाकण लावतात. या झाकणाला आधी आटेच नसतात. मशीनचे रोलर ते बाटलीच्याच आट्यांवर दाबून घडवतात, आणि वेगळे दोन रोलर खालचं कडं उंचवट्याखाली दुमडतात. त्यामुळे इथे साचा करणाऱ्यापेक्षा मशीन चालवणाऱ्याच्या हाताला जास्त महत्त्व. खालचे रोलर जास्त दाबले तर ब्रिज तिथेच चिरतात, कमी दाबले तर झाकण कड्यासकट गरगर फिरून अख्खं निघून येतं. सकाळी मशीन सुरू करताना पहिल्या काही बाटल्या उघडून बघितल्याशिवाय पुढची भरू नका.

आणि आगळाला हे झाकण लावूच नका. आगळ म्हणजे मीठ आणि तीव्र आंबटपणा, दोन्ही अॅल्युमिनियमचे वैरी. आतून लायनर, म्हणजे मऊ चकती, असतो हे खरं, पण भरताना एक थेंब आट्यांत राहिला आणि रोलरने झाकणावरचा संरक्षक लेप खरवडला गेला, की तिथे पांढरी भुकटी धरायला लागते. त्यात समुद्राची खारी हवा. काही महिन्यांत ब्रिज कुरतडले जातात आणि कोणी हात न लावता सील तुटलेलं दिसतं. आगळाला प्लास्टिकचंच झाकण हवं.

कोकम सरबताचा पाक थंड भरतात, तिथे पेट (पीईटी) प्लास्टिकची साधी बाटली चालते. जांभळाचा रस किंवा आंब्याचा पल्प 80-85 अंशांवर भरायचा असेल तर साधी पेट नको. पेट 75 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आटे आणि उंचवटा आपला आकार सोडतात आणि कड्याला अडकायला जागाच उरत नाही. गरम भरायच्या खास बाटल्या येतात, त्यांतल्या कित्येकींची मान पांढरी असते. नाहीतर काच घ्या. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीला मधोमध बटण असलेलं पत्र्याचं झाकण लावलं तर आतला माल निवल्यावर निर्वाताने बटण खाली जातं, उघडल्यावर टक् करून वर येतं. पल्पसाठी मला हा सगळ्यात सुंदर उपाय वाटतो.

इंडक्शन फॉइलबद्दल, म्हणजे झाकणाबाहेरून विजेच्या यंत्राने तापवून बाटलीच्या तोंडाला चिकटवायच्या अॅल्युमिनियमच्या पातळ चकतीबद्दल, बरेच जण विचारतात. खोबरेलासाठी उत्तम, गळती थांबते. पण फॉइल झाकणाखाली असतं, दुकानात दिसत नाही; बाहेरचं कडं हवंच. शिवाय अॅल्युमिनियमच्या झाकणाखाली ते चिकटवता येत नाही, आणि बाटलीच्या ओठाला पाक लागलेला असेल तर पकड कच्ची राहते.

पाकाचा त्रास आट्यांतही होतो. साखर वाळली की झाकण असं चिकटतं की म्हाताऱ्या माणसाला उघडता येत नाही. भरल्यावर मान धुऊन पुसून मगच झाकण लावा. आवळायचं किती, तर ढोबळ नियम असा: झाकणाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, निम्मा करा, तितके इंच-पाउंड, म्हणजे पीळ देण्याच्या जोराचं माप. 28 ला 14. हा जोर मोजणारं टॉर्क मीटर नसेल तर चार-पाच गटांनी मिळून एक घ्या.

युरोपात 3 जुलै 2024 पासून तीन लिटरपर्यंतच्या प्लास्टिकच्या पेय-बाटल्यांची झाकणं उघडल्यावरही बाटलीलाच अडकून राहिली पाहिजेत असा नियम आहे. आपल्या किनाऱ्यावर भरतीनंतर काय पडलेलं असतं ते तुम्ही रोज बघता, म्हणून हे बदल इकडेही यावेत अशी माझी इच्छा आहे. तशा झाकणातसुद्धा ब्रिज तुटलेले स्पष्ट दिसले पाहिजेत, आणि नव्या साच्यांवर आमची मेहनत चालली आहे ती त्यासाठीच.

व्हर्नियर आणि टॉर्क मीटर मी सोबत आणलेत. ज्यांनी आपल्या भरलेल्या बाटल्या आणल्या असतील त्यांनी त्या या टेबलावर ठेवा. आधी माना मोजू, मग एकेक उघडून बघू.