टेप आधी, अर्ज नंतर

नमस्कार श्रोतेहो.

आज आपल्या घरासमोरचा रस्ता आणि त्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्या यांबद्दल बोलू. तक्रार करायची म्हटली की आपण लिहितो, ‘आमच्या वस्तीत पार्किंगचा फार त्रास आहे, तरी योग्य ती कारवाई करावी.’ हे वाचून महानगरपालिकेच्या झोन ऑफिसातला कनिष्ठ अभियंता काय करणार? कोणती जागा, किती रुंदी, कोणत्या वेळी आणि नेमकं काय करून पाहिजे, यातलं काहीच त्यात नसतं. असा अर्ज फाइलला लागतो आणि तिथंच राहतो. म्हणून आधी टेप काढायची.

नागपूरच्या ले-आउटांमधले आतले रस्ते नकाशावर बरेचदा ९ मीटरचे, म्हणजे जवळपास ३० फुटांचे दिसतात. ही ९ मीटर म्हणजे या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंतची रुंदी. त्यात दोन्ही बाजूंची नाली आली, विजेचा खांब आला, झाडाची जाळी आली, आणि लोकांनी गाडी आत घ्यायला बाहेर काढलेले सिमेंटचे उतार आले. प्रत्यक्ष डांबर किंवा सिमेंट मोजलं तर कुठं ६ मीटर भरतं, कुठं साडेपाच. तुमचा रस्ता तीन ठिकाणी मोजा: दोन्ही तोंडांशी आणि मध्ये. तिन्ही आकडे लिहून ठेवा.

आता गाडीचा हिशेब. साधी कार पावणेदोन मीटरच्या आसपास रुंद असते. आरसे आणि कडेची मोकळी जागा धरली की ती दोन मीटर खाते. ६ मीटरच्या रस्त्यावर एका बाजूला गाड्या लागल्या तर ४ मीटर उरतात, म्हणजे एक गाडी आरामात जाते आणि समोरून येणारी फटफटीही निघते. दोन्ही बाजूंना लागल्या तर उरले २ मीटर. अग्निशमनाचा बंब अडीच मीटर रुंद असतो. म्हणजे त्या रस्त्यावर बंब शिरूच शकत नाही. यात कोणाच्या शेजारधर्माचा प्रश्न नाही, ही साधी वजाबाकी आहे. अर्जात हीच वजाबाकी लिहायची.

त्याहून वाईट असते कोपऱ्यावरची गाडी. बंबाला वळायला साधारण ९ मीटर त्रिज्या लागते. कोपऱ्याला लागून एकच कार उभी असली तर आतला रस्ता पूर्ण रिकामा असूनही बंब वळत नाही, कचऱ्याची मोठी गाडीही वळत नाही. सगळी वस्ती सुधारायला वेळ नसेल तर निदान चारही कोपरे मोकळे करून घ्या. माझ्या मते पार्किंगच्या कामाची सुरुवात नेहमी तिथूनच व्हावी, आणि ती सहसा होत नाही, कारण कोपऱ्यावर बहुधा चहाची टपरी, पानठेला नाहीतर दवाखाना असतो.

मोजमाप झालं की गाड्या मोजा. तीन वेळांना: सकाळी ७, दुपारी १ आणि रात्री ९. साध्या वहीत, एक कामाचा दिवस आणि एक रविवार. सकाळी ७ आणि रात्री ९ ला रस्ता भरलेला आणि दुपारी रिकामा असेल, तर त्या गाड्या वस्तीतल्याच आहेत. मग पोलिसांना बोलावून काही होणार नाही, आपल्याच इमारतींच्या खाली काय चाललंय ते बघावं लागेल. दुपारी १ ला भरत असेल, तर बाहेरचे लोक येताहेत: कोचिंग क्लास, बँक, पॅथॉलॉजी लॅब. तिथं उपाय वेगळा. आणि इतवारी, गांधीबाग, महाल अशा जुन्या बाजारपेठेत मूळ अडचण बहुतेक वेळा कारची नसतेच, ती माल उतरवणाऱ्या गाड्यांची असते. तिथं मालाच्या गाड्यांना वेळ ठरवून मागायची. तिथल्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की नऊ मीटरचा हिशेब तिथं चालवूच नये.

आता कोणाकडे जायचं? इथं लोकांची सगळ्यात जास्त पायपीट होते. पार्किंग कुठं चालेल आणि कुठं नाही, रस्ता एकेरी करायचा का, हे ठरवणारी अधिसूचना वाहतूक पोलिसांकडून निघते. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये त्यासाठी कलम ११५ आणि ११६ आहेत. रस्त्यावर पट्टे मारणं, फलक उभारणं, फुटपाथ दुरुस्त करणं ही कामं रस्त्याच्या मालकाची. आतला रस्ता असेल तर तो मालक बहुधा महानगरपालिका. पण वर्धा रोड, कामठी रोड, अमरावती रोड अशा मोठ्या रस्त्यांवर सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा राष्ट्रीय महामार्गाची यंत्रणाही येते. काही ले-आउट नागपूर सुधार प्रन्यासाच्या हद्दीतले. ‘५७२’ आणि ‘१९०० ले-आउट’ (नियमित करायला घेतलेल्या अनधिकृत ले-आउटांच्या याद्या) हे शब्द ज्यांच्या वस्तीत रोज ऐकू येतात, त्यांनी आधी आपला रस्ता मनपाकडे हस्तांतरित झाला की नाही, हे लेखी विचारून घ्यावं. नाहीतर दोन ऑफिसं एकमेकांकडे बोट दाखवत राहतात आणि मध्ये आपला पावसाळा निघून जातो.

म्हणून अर्ज एकच, पण दोन ठिकाणी. मूळ अर्ज पोलीस उपायुक्त, वाहतूक यांना, आणि प्रत आपल्या झोनच्या सहायक आयुक्तांना. मनपाचे दहा झोन आहेत, लक्ष्मीनगरपासून मंगळवारीपर्यंत. घरटॅक्सच्या पावतीवर तुमचा झोन लिहिलेला असतो, तो बघून घ्या. प्रभागात नगरसेवक चार असतील तर चौघांनाही प्रत द्या. एकालाच दिली की बाकीचे तिघं ‘ते त्यांच्या भागातलं आहे’ म्हणायला मोकळे. सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपून कारभार प्रशासकाकडे गेला होता, तेव्हा बऱ्याच वस्त्यांना झोन ऑफिसात थेट जायची सवय लागली. ती सवय मोडू नका.

अर्जाचा मजकूर साधारण असा ठेवा. ‘अमुक चौक ते तमुक चौक, लांबी २२० मीटर, प्रत्यक्ष डांबरी रुंदी ६.१, ५.८ आणि ६ मीटर. दुपारी १ वाजता दोन्ही बाजूंना मिळून ३४ कार उभ्या आढळल्या, मध्ये उरलेली रुंदी जेमतेम २ मीटर. मागणी एक, रस्त्यावर सम-विषम तारखेप्रमाणे एका बाजूला पार्किंग करावं. मागणी दोन, दोन्ही तोंडांच्या चारही कोपऱ्यांवर पार्किंग मनाई करावी.’ आकडे तुमचे घाला, हे फक्त नमुन्याचे. सोबत हाताने काढलेला नकाशा आणि तीन फोटो. फोटोत टेप दिसली पाहिजे. रहिवाशांच्या सह्या हव्यातच, पण दुकानदारांच्या सह्याही घ्या. त्यांना नंतर कळलं की विरोध होतो, आधी विचारलं की बरेचदा होत नाही.

सम-विषम हा प्रकार बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या बाजूला गेलेल्यांना नवा नाही. पी-१ आणि पी-२ चे फलक, तारीख सम असली की एका बाजूला, विषम असली की दुसऱ्या बाजूला. ‘नो पार्किंग’ची पाटी लावून सगळा रस्ता बंद करण्यापेक्षा मला हा मार्ग जास्त पटतो. पाटी कोणी पाळत नाही, कारण गाडी ठेवायला दुसरी जागाच दिलेली नसते. सम-विषममध्ये निम्मी जागा तरी उरते आणि पोलिसांनाही कोण चुकला ते चटकन दिसतं. अशी अधिसूचना बहुधा आधी काही काळ प्रयोग म्हणून काढतात आणि हरकती मागवतात. त्या काळात बाजूने लिहिणारेही हवेत. विरोध करणारे लिहितातच, पटलेले गप्प बसतात.

फाटकाबद्दल एक गोष्ट स्पष्ट करतो. दुसऱ्याच्या फाटकासमोर गाडी लावणं हा गुन्हा आहेच, फाटकावर ‘गाडी लावू नये’ असं रंगवलेलं असो वा नसो. मोटार वाहन चालन विनियम २०१७ मध्ये ते आहे. तसंच फुटपाथवर, उभ्या गाडीच्या बाजूला दुसरी ओळ करून, चौकाजवळ गाडी लावणंही मना आहे. पण फाटकाच्या शेजारचा रस्ता तुमचा नाही. तिथं कुंड्या, सिमेंट भरलेले टायर, साखळी, मोठाले दगड ठेवून जागा राखून ठेवणं बेकायदा आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २२९ आणि २३० मध्ये याला मनाई आहे, आणि कलम २३१ नुसार आयुक्त नोटीस न देता ते उचलून नेऊ शकतात. बाहेरच्यांच्या गाड्यांबद्दल तक्रार करणाऱ्याच्याच दारात अशा कुंड्या असल्या, की पाहणीला आलेला माणूस आधी त्याच लिहून घेतो.

महिनोन्महिने धूळ खात पडलेल्या गाड्या प्रत्येक वस्तीत दोन-चार असतातच. त्यांच्यासाठी मोटार वाहन कायद्याचं कलम १२७ वापरा. सार्वजनिक जागी १० तास किंवा त्याहून जास्त बेवारस सोडलेली गाडी गणवेशातला पोलीस अधिकारी उचलायला लावू शकतो, आणि उचलण्याचा खर्च मालकाला भरावा लागतो. अर्जात गाडीचा नंबर, रंग, जागा आणि चाकांची अवस्था लिहा. हवा नसलेल्या चाकांचे फोटो दोन वेगवेगळ्या तारखांचे द्या. एकाच फोटोवर मालक म्हणतो, ‘कालच ठेवली.’

आता इमारतीखालची पार्किंग. मंजूर नकाशात खालचा मजला खांबांवर मोकळा दाखवलेला, आणि प्रत्यक्षात तिथं दवाखाना, गोडाऊन किंवा शटर लावलेलं दुकान, हे आपल्या शहरात सर्रास दिसतं. मग इमारतीतल्या गाड्या रस्त्यावर येतात. धंतोलीतला दवाखान्यांच्या पार्किंगचा प्रश्न तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत कारच्या एका जागेचं माप अडीच मीटर गुणिले ५ मीटर आणि दुचाकीचं १ मीटर गुणिले २ मीटर आहे. मंजूर नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागा, त्यावर पार्किंगच्या जागा मोजा आणि खाली जाऊन प्रत्यक्ष मोजा. फरक आढळला तर नगररचना कायद्याच्या कलम ५३ खाली नोटीस द्यावी अशी मागणी करा. ही मागणी ज्यानं नकाशा मंजूर केला त्याच्याकडे करायची: मनपा किंवा सुधार प्रन्यास. नकाशाच्या शिक्क्यावर ते दिसतं.

गतिरोधकाचं थोडक्यात. वस्तीतल्या पोरांनी वर्गणी काढून एका रात्रीत केलेला गतिरोधक हा अपघाताला आमंत्रण आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्ये १० सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे त्यावरून ताशी २५ किलोमीटरने गाडी धक्का न बसता जाते. ४० मीटर आधी सूचना फलक हवा आणि त्यावर काळे-पांढरे पट्टे हवेत. घरगुती गतिरोधक दीड फूट रुंद आणि अर्धा फूट उंच होतो. त्यावर अँब्युलन्समधल्या माणसाची कंबर मोडते, आणि नालीकडे जाणारं पाणीही अडतं. त्याचीही मागणी वाहतूक पोलीस आणि झोन या दोघांकडेच करायची.

सिमेंट रोड होत असेल, तर काम सुरू होण्याआधी एकच प्रश्न विचारा: तयार रस्त्याची लेव्हल आमच्या जोत्याच्या किती खाली राहील? जुनं डांबर न खोदता त्यावरच स्लॅब टाकला, तर रस्ता अर्धा-पाऊण फूट वर येतो आणि पहिल्याच पावसाचं पाणी अंगणात शिरतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेचा पूर वेगळा होता, तो अंबाझरी तलाव ओसंडल्याने नाग नदीकाठी आला. पण दर पावसात दारात साचणाऱ्या पाण्यामागे पुष्कळदा वर आलेला रस्ता असतो. स्लॅब झाल्यावर किमान १४ दिवस पाणी मारलं जातंय का बघा. आणि कडेची फट गट्टू (पेव्हर ब्लॉक) लावून भरेपर्यंत काम पूर्ण मानू नका. स्लॅबची कड आणि माती यांच्यातल्या त्या चार-सहा इंचांच्या खड्ड्यात स्कूटर घसरतात. गाड्याही कडेला लागत नाहीत, रस्त्याच्या मध्ये लागतात, आणि पुन्हा तीच वजाबाकी सुरू होते.

अर्ज दिला की आवक क्रमांक आणि शिक्का असलेली प्रत हातात घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. महिनाभरात हालचाल नसेल तर माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांपर्यंत हवा, फी १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. त्यानंतरही समाधान झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरं अपील. प्रश्न ‘का केलं नाही’ असा विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही, कारण माहिती म्हणजे ऑफिसात असलेला कागद. असं लिहा: ‘आवक क्रमांक अमुक, दिनांक तमुक च्या अर्जावरील टिपणीची प्रत, स्थळ पाहणी अहवालाची प्रत, आणि हा अर्ज सध्या ज्या अधिकाऱ्याकडे प्रलंबित आहे त्याचं पदनाम.’

नमस्कार.