दीडशे क्युसेक्सची नदी

(पंचगंगा घाट, सकाळची वेळ)

पावसाळ्यात कोल्हापुरात सकाळी चहाबरोबर दोन आकडे लागतातच. राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट आलं, आणि राधानगरी धरणाचे दरवाजे किती उघडले. 39 ला इशारा, 43 ला धोका, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालापण पाठ असतंय. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, तेव्हापासून आई रात्री उठूनपण मोबाईलवर पातळी बघते. तर त्या आईला घेऊन मी वाळवंटातली एक नदी बघायला गेलो होतो, अमेरिकेत, झायन नॅशनल पार्कला.

(गाडीतून दिसणारा रस्ता)

ताई आणि दाजी लास वेगासला असतात, तिथनं गाडीनं अडीच तास. नेवाडातनं युटात शिरलं की घड्याळ एक तास पुढं. दोन्ही बाजूला नुसती खुरटी झुडपं आणि उघडी माती, आई सारखी म्हणत होती, "हितली माणसं प्यायला पाणी कुठनं आणत असतील रे?" मग डोंगर एकदम अंगावर आल्यासारखे जवळ आले, रस्ता वळणं घ्यायला लागला आणि खाली पाण्याची एक बारीक ओळ दिसली. दाजी म्हणाले, "मामी, ही व्हर्जिन नदी. हिच्याच वरच्या अंगाला चाललोय आपण." आईचा विश्वासच बसेना, म्हणाली आमच्याकडं एवढ्या पाण्याला ओढा म्हणतात.

(दरी, दोन्ही बाजूचे कडे)

आता हे बघा. ह्या ओढ्यानं केलंय हे सगळं.

खालनं मान वर केली तर कडा जवळजवळ 2000 फूट सरळ उभा. खाली रंग भट्टीतनं नुकत्याच काढलेल्या विटेसारखा, आणि वर जाईल तसा फिका होत होत पार पांढरा. आपला सह्याद्री म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला काळा दगड, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हा त्याच्याही लई आधीचा, 18 कोटी वर्षांपूर्वी इथं वाळूच्या टेकड्याच टेकड्या होत्या, त्याच दबून दबून दगड झाल्या आणि लोखंडाच्या गंजानं लाल झाल्या. दगडावर तिरक्या रेघा दिसतायत ना, त्या वाऱ्यानं वाळू टाकली तशाच राहिल्यात. आईनं कड्यावर बोट घासलं तर बोटाला रव्यासारखी वाळू लागली. पन्हाळ्याच्या तटाला जन्मभर हात लावलेली बाई, दगडाची वाळू हातावर येते हे तिला खरंच वाटेना, दोन-तीनदा घासून बघितलं.

पुढं जमीन हळूहळू वर उचलली गेली, तसा नदीला उतार मिळाला, आजपण मैलाला 50 ते 80 फूट. एवढ्या उताराला पाणी नुसतं वाहत नाही, वाळू-गोटे घेऊन खालचा दगड खरवडत जातं, आणि इथला दगड तर हा असा.

सीझनमध्ये दरीतल्या मेन रस्त्यावर आपली गाडी नेता येत नाही, पार्कची फुकट शटल बस असते, 2000 सालापासून. मला हे फार आवडलं, हॉर्न नाही, धूर नाही, बसमधनं उतरलं की पहिला आवाज पाण्याचाच. आम्ही दिवाळीनंतर गेलो होतो, नदीकाठची कॉटनवूडची झाडं हळदीसारखी पिवळी झालेली.

(नदीकाठची पायवाट)

शेवटच्या स्टॉपपासनं नदीच्या कडेनं सिमेंटची वाट आहे, जाऊन-येऊन सव्वादोन मैल, आई एकदाच बसली. मधे कड्यातनं पाणी ठिबकतं, आणि त्या ओल्या पट्ट्यात वाळवंट असून नेचे लोंबतायत. वर पडलेला पाऊस आणि बर्फ ह्या वाळूच्या दगडातनं झिरपत खाली येतो, खाली चिकट थर लागला की आडवा बाहेर पडतो, आणि ह्या प्रवासाला हजार वर्षांच्या वर लागतात. आईनं ओंजळ धरली, तिला सांगितलं, भोज राजा पन्हाळ्यावर होता ना, त्याच्याही आधी पडलेला पाऊस आहे हा. ती काही बोलली नाही, ते पाणी डोळ्याला लावलं.

वाट संपते तिथं माणसं काठ्या घेऊन थेट नदीतच उतरतात. ह्याला नॅरोज म्हणतात, पुढं रस्ता म्हणजे नदीच. कडे हजार फुटांचे आणि मधली जागा काही ठिकाणी 20-30 फूट. तिथं नियम असा की नदीचं पाणी 150 क्युसेक्सच्या (म्हणजे सेकंदाला 150 घनफूट) वर गेलं की नॅरोज बंद. आई लगेच म्हणाली, "दीडशे? अरे आमच्या राधानगरीचा एक दरवाजा उघडला की 1428 सुटतंय!" बरोबर आहे तिचं. पण आपलं पाणी शेतात पसरतं, इथं पसरायला जागाच नाही. डोक्यावर ऊन असतं आणि लांब कुठंतरी वर पाऊस झालेला असतो, तेवढ्यानं चिंचोळ्या घळीत पाण्याची भिंत येते. 14 सप्टेंबर 2015 ला ह्याच पार्कातल्या कीहोल कॅन्यन नावाच्या घळीत सात जणांचा असाच जीव गेला. हे सांगितल्यावर आई पाण्यात उतरलेल्या पोरांकडं बघत बसली, शेवटचा ग्रुप बाहेर येईपर्यंत उठली नाही.

एक सांगायचं राहिलं. हे पायूट ह्या इथल्या मूळ रहिवासी लोकांचं ठिकाण, 1909 ला इथं संरक्षण मिळालं तेव्हा नाव मुकुंटुवीप असंच ठेवलं होतं, झायन नंतर झालं आणि 1919 ला नॅशनल पार्क. ते पहिलं नाव राहायला पाहिजे होतं असं मला मनापासून वाटतं.

निघताना आईनं देव्हाऱ्यात ठेवायला एक लाल गोटा उचललेला. ताईनं सांगितलं की पार्कातनं दगड न्यायला मनाई आहे. आई परत गेली आणि जिथनं घेतला होता तिथंच पाण्यात ठेवून आली.

(पुन्हा पंचगंगा घाट)

त्या नदीची पातळीपण ऑनलाईन बघता येते. आता सकाळी राजाराम बंधारा झाला, राधानगरी झालं, की आई मोबाईल माझ्याकडं देते, "ताईच्या नदीला आज किती हाय रे?"