चुकलेलं उत्तर वाचता येणं आणि एसईओ

नमस्कार. शिकवण्यातली कुठली गोष्ट एसईओमध्ये, म्हणजे वेबसाइटची पेजेस गुगलवर शोधणाऱ्यांना सापडावीत यासाठीच्या कामात, सगळ्यात जास्त उपयोगी पडते यावर आज बोलायचंय. समोर बहुतेक शिक्षकच बसलेत, त्यामुळे मी थेट एका गणितापासून सुरू करते. एक छेद दोन अधिक एक छेद तीन. कितीतरी मुलं याचं उत्तर लिहितात दोन छेद पाच. उत्तर चुकलंय हे कोणालाही दिसेल, पण मुलाने केलं काय हे शिक्षकाला दिसतं. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले, म्हणजे त्याच्यासाठी अपूर्णांक ही अजून एक संख्या झालेलीच नाहीये, एकावर एक ठेवलेले दोन आकडे आहेत इतकंच. मग तुम्ही लसावि परत शिकवायला घेत नाही, कागदाची पट्टी घेता, घडी घालता आणि त्याला विचारता की दोन छेद पाच तर अर्ध्यापेक्षा लहान आहे, मग अर्ध्यात भर घातल्यावर उत्तर अर्ध्याहून कमी कसं झालं?

मी बारा वर्षं हे काम केलं, मग एसईओमध्ये आले, आणि मला या कामात सगळ्यात जास्त कशाने तारलं असेल तर याच सवयीने. कच्च्या, अर्धवट, चुकीच्या शब्दांमागे माणूस नेमका कुठे अडकलाय ते ओळखायची सवय. सोप्या भाषेत लिहिता येतं, लोकांसमोर बोलता येतं, वेळ पाळता येते हे पण आहेच, पण ते बाकीच्या नोकऱ्यांमधूनही येतं हो.

आता सर्च म्हणजे काय ते बघा. माणूस त्या चौकोनात दोन-तीन शब्द टाकतो आणि त्यातला निम्मा प्रश्न त्याच्या मनातच राहतो. मला सुरुवातीला एका कंपनीची मदतीची पेजेस दिली होती. एका पेजचं नाव होतं पॉवर मॅनेजमेंट सेटिंग्ज. माहिती अगदी बरोबर, एक चूक नाही, आणि सर्चमधून जवळजवळ कोणी येत नव्हतं. कारण लोक शोधत होते लॅपटॉपची बॅटरी लवकर का उतरते. ज्याला पॉवर मॅनेजमेंट हा शब्द माहीत आहे त्याला ते पेज वाचायची गरजच फारशी नाही, आणि ज्याला गरज आहे त्याच्याकडे तो शब्द नाही! हे बघितल्यावर मला वर्गच आठवला. मूल कधी म्हणत नाही की माझी स्थानिक किमतीची संकल्पना कच्ची आहे, ते म्हणतं हातचा कुठून आला तेच कळत नाही. आपण त्या हातच्यापासून सुरू करून स्थानिक किमतीपर्यंत जातो की नाही, बस, तेच पेजवर करायचं. आम्ही शीर्षक बदललं, पहिल्या दोन ओळींत बॅटरी का उतरते ते सांगितलं आणि मग खाली सेटिंग्जकडे नेलं.

शोधणाऱ्याला खरं काय हवंय, याला या क्षेत्रात सर्च इंटेंट म्हणतात. आंद्रेई ब्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये सर्चचे तीन प्रकार मांडले, एखाद्या ठरावीक साइटवर जायचं म्हणून केलेला, माहिती हवी म्हणून केलेला आणि काहीतरी करायचं, घ्यायचं, डाउनलोड करायचं म्हणून केलेला. विभागणी उपयोगी आहे, पण शिक्षकाला ती तोकडी वाटेल असं मला वाटतं. कारण माहिती हवी असं म्हणणाऱ्यांमध्येच किती तऱ्हा असतात, एकाला नुसती व्याख्या हवी, एकाला उदाहरण हवं, एक घाबरलाय आणि त्याला आधी धीर हवाय, एकाला सगळं येतं फक्त एका पायरीवर अडलंय. गुगल सांगतं की रोज होणाऱ्या सर्चपैकी साधारण १५ टक्के सर्च त्यांनी आधी कधीच बघितलेले नसतात. इतक्या वर्षांनंतरसुद्धा! मला याचं नवल वाटलं नाही, कारण तोच धडा दहाव्यांदा शिकवतानाही एखादं मूल असं काही विचारतं की आपण खडू खाली ठेवून विचार करतो.

आता सर्च कन्सोलबद्दल जरा सावकाश बोलू, कारण इथे शिक्षक बाकीच्यांच्या पुढे जातो. हे गुगलचं फुकट टूल आहे, त्यात तुमचं पेज कुठल्या शब्दांना दिसलं, किती वेळा दिसलं, किती क्लिक आले, सरासरी कितव्या जागेवर होतं हे सगळं दिसतं, आणि मागच्या १६ महिन्यांचा डेटा असतो. फार क्वचित केलेले सर्च त्यात दाखवत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा. बरेच जण हे उघडतात आणि आलेख वर गेला की खाली आला एवढं बघून बंद करतात, म्हणजे उत्तरपत्रिकेवरचे मार्क बघून गठ्ठा बाजूला ठेवण्यासारखं झालं. आपण तसं करत नाही. आपण बघतो की चौथा प्रश्न सगळ्यांचा चुकलाय, म्हणजे मुलांचं काही नाही, आपण शिकवतानाच काहीतरी राहिलंय. तसंच इथे, पेज वरच्या जागी दिसतंय पण क्लिक येत नाहीत, तर शीर्षक काय सांगतंय आणि शोधणाऱ्याला काय हवंय यात कुठेतरी फट आहे. किंवा पेज एखाद्या शब्दाला बाराव्या-पंधराव्या जागेवर रेंगाळतंय आणि तुम्ही पेज उघडून बघता तर त्या प्रश्नाला पेजवर एक ओढूनताणून आणलेली ओळ आहे. तो मागच्या बाकावरून आलेला प्रश्न आहे, त्याला नीट परिच्छेद द्या, गरज असेल तर वेगळं पेज द्या. मी आजही महिन्यातून एकदा या ओळी एकेक करून वाचते, गठ्ठा तपासल्यासारख्या.

उत्तरपत्रिकेवरून आठवलं. ज्या मुलाचा अभ्यास झालेला नसतो ते प्रश्नातलेच शब्द फिरवून फिरवून पानभर लिहितं, आणि आपल्याला तिसऱ्या ओळीत कळतं. बरीच वर्षं वेबवर असलं लिखाण चालून गेलं, एकच कीवर्ड, म्हणजे लोक शोधतात तो शब्द, वीस वेळा कोंबायचा. फेब्रुवारी २०११ मध्ये गुगलने पांडा नावाने ओळखला जाणारा बदल आणला, पोकळ आणि नक्कल केलेल्या पेजेसना खाली ढकलण्यासाठी, आणि अमेरिकेतल्या सुमारे १२ टक्के सर्चवर त्याचा परिणाम झाला असं त्यांनीच सांगितलं होतं. पुढच्या वर्षी पेंग्विन नावाचा बदल आला, त्याचा रोख दुसऱ्या साइट्सवरून जमवाजमव करून मिळवलेल्या लिंकवर होता. गुगल माणसांकडूनही निकालांचा दर्जा तपासून घेतं आणि त्या तपासनीसांसाठीच्या सूचना कोणालाही वाचता येतात. त्यांच्या शेऱ्याने कुठलं एक पेज थेट वर-खाली होत नाही, गुगलची पद्धत नीट चाललीय का हे त्यातून तपासलं जातं. तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता हे निकष त्यात होतेच, डिसेंबर २०२२ मध्ये अनुभव हा चौथा आला. मी त्या सूचना पहिल्यांदा वाचल्या तेव्हा मला त्या पेपर तपासणाऱ्यांना दिलेल्या आदर्श उत्तरासारख्या वाटल्या. तुम्ही वाचाच, तुम्हाला त्यातली भाषा परकी वाटणार नाही.

अजून एक, क्रम. टक्केवारी शिकवायची तर अपूर्णांक आधी लागतो हे आपल्याला कोणी सांगावं लागत नाही. साइटवरच्या अंतर्गत लिंक, म्हणजे एका पेजवरून त्याच साइटच्या दुसऱ्या पेजकडे नेणाऱ्या, म्हणजे हाच क्रम, वाचणाऱ्याला इथे काय आधी माहीत असायला हवं आणि इथून पुढे तो कुठे जाईल. आणि लिंकवरचे शब्द त्या पुढच्या पेजबद्दल काहीतरी सांगणारे हवेत, इथे क्लिक करा यातून ना वाचकाला काही कळतं ना गुगलला.

पण वर्गातली एक सवय मला मोडावी लागली आणि ती मोडायला खरंच वेळ लागला. वर्गात मुलं उठून जात नाहीत. म्हणून आपण निवांत प्रस्तावना करतो, मागचं आठवून देतो, उत्सुकता वाढवतो आणि मग मुद्द्यावर येतो. मी पेजेसही तशीच लिहिली, आधी इतिहास, मग व्याख्या, आणि उत्तर सातव्या परिच्छेदात. माणूस तिथपर्यंत थांबतच नाही, तो मागे जाऊन दुसरं पेज उघडतो. आता मी उत्तर आधी देते, कारण नंतर, आणि ज्याला मुळापासून समजून घ्यायचंय त्याच्यासाठी बाकीचं खाली. निकालाचंही वेगळंच आहे, इथे परीक्षेची तारीख नसते, गुगल स्वतः म्हणतं की बदलाचा परिणाम दिसायला काही तास लागतील नाहीतर कित्येक महिने. त्या काळात क्लायंटला धीराने आणि खरं खरं सांगत राहायचं असतं, आणि ज्याने पालकसभा सांभाळल्यात त्याला हे जमतं.

टेक्निकल भागाची भीती तुमच्या चेहऱ्यावर दिसतेय मला. गुगलचा बॉट, म्हणजे आपोआप पेजेस वाचत फिरणारा प्रोग्रॅम, पेज वाचून जातो ते क्रॉलिंग, मग ते नोंदवून ठेवतो ते इंडेक्सिंग, मग क्रम लावतो ते रँकिंग, पाया इतकाच आहे. बाकीचं एकेक करून शिकता येतं आणि कोणाला तरी शिकवायला घेतलं की पटकन येतं. रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाइल मला अशीच समजली, नव्या सहकाऱ्याला समजावताना. त्या फाइलने बॉटला पेज वाचण्यापासून अडवता येतं, पण पेज इंडेक्समधून काढायला नोइंडेक्स हा वेगळा टॅग लागतो, आणि दोन्ही एकदम लावले तर बॉट पेज वाचतच नाही म्हणजे तो नोइंडेक्स त्याला दिसणारच नाही. आम्ही फळ्यावर बाण काढत गेलो आणि चौथ्या बाणाला ते माझ्याच लक्षात आलं.

सुरुवात कुठून करायची असं मघाशी कोणीतरी विचारलं. तुम्ही वर्षानुवर्षं शिकवलेला, मुलं हमखास अडखळतात असा एकच विषय घ्या. त्यावर छोटी साइट करा, पाच-सहा पेजेस पुरे, सर्च कन्सोल जोडा आणि दोन-तीन महिने जाऊ द्या. मग लोक कुठल्या शब्दांनी येतायत ते वाचा, त्यात तुम्ही न लिहिलेले प्रश्न दिसतील, त्यातला एक निवडून पेज सुधारा आणि आधी काय होतं, का बदललं, नंतर काय झालं हे तारखांसकट लिहून ठेवा. मुलाखतीला जाल तेव्हा ती वही सोबत न्या.