कृष्णा भानजी ते सर बेन किंग्जली

कृष्णा पंडित भानजी. ओळखा बघू कोण हे? आपण सगळ्यांनी यांना पाहिलंय, तेसुद्धा शाळेत असताना, टीव्हीवर, २ ऑक्टोबरला.

हे बेन किंग्जली. जन्म ३१ डिसेंबर १९४३, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये. वडील गुजराती वंशाचे डॉक्टर, आई इंग्लिश. नाटकात काम करायचं ठरवलं खरं, पण हे नाव घेऊन ऑडिशनला गेलं की काम मिळेना, असं ते स्वतः सांगतात. मग नाव बदललं. १९६७ साली रॉयल शेक्सपिअर कंपनी या इंग्लंडमधल्या नाटकसंस्थेत आले आणि पुढची बरीच वर्षं स्टेजवरच घालवली. दिग्दर्शक पीटर ब्रुकच्या गाजलेल्या 'मिडसमर नाइट्स ड्रीम' नाटकात होते, १९७५ला हॅम्लेट केला, सिनेमात मात्र त्यांना फारसं कोणी ओळखत नव्हतं.

आणि मग दिग्दर्शक रिचर्ड अॅटनबरोंनी त्यांना 'गांधी' सिनेमात गांधीजींच्या रोलसाठी निवडलं! ज्या माणसाला भारतीय नाव बाजूला ठेवावं लागलं त्यालाच जगाने ओळखलं ते गांधीजी म्हणून, मला ही गोष्ट आठवली की खरंच भरून येतं.

शूटिंगच्या वेळी वय ३६-३७, आणि साकारायचा होता तिशीच्या आतल्या तरुण बॅरिस्टरपासून ७८ वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंतचा माणूस. वजन उतरवलं, योगासनं केली, चरखा चालवायला शिकले. पण मेकअप आणि वजन सोडा, त्यांची चाल बघा, वय वाढतं तसं पाऊल कसं बदलत जातं ते बघा, ही सगळी स्टेजवरची कमाई आहे. अंत्ययात्रेचा सीन दिल्लीत राजपथावर शूट झाला, तब्बल ३ लाखांच्या वर लोक जमले होते.

कस्तुरबा होत्या आपल्या पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी! त्यांना या रोलसाठी बाफ्टा हे ब्रिटिश फिल्म अवॉर्ड मिळालं, आणि १९८३ साली सिनेमाने ८ ऑस्कर नेली, त्यातलं एक किंग्जलींचं.

पुढे 'शिंडलर्स लिस्ट'मधला शांत, सतत हिशेब सांभाळणारा इत्झाक स्टर्न केला. आणि २०००च्या 'सेक्सी बीस्ट'मधला डॉन लोगन? इतका भयानक गुंड की हाच माणूस गांधी होता यावर विश्वास बसत नाही, दोन्ही सिनेमे पाठोपाठ बघा एकदा.