फोन रात्रभर चार्जिंगला लावला तर बॅटरीची वाट लागते का?

नमस्कार मंडळी! "फोन पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नकोस" हे वाक्य तुम्ही कुणाकडून तरी ऐकलेलं असणारच. ते जुन्या निकेल कॅडमियम बॅटरीच्या काळातलं आहे, तिला मेमरी इफेक्टची भानगड होती, म्हणजे सारखी अर्धवट उतरवून चार्ज केली की ती कमी चालायची. सोनीने 1991 मध्ये लिथियम आयन बॅटरी बाजारात आणली, आता आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये तीच असते, आणि तिला उलट रोज झिरोपर्यंत उतरवलेलं अजिबात मानवत नाही.

बॅटरी म्हातारी का होते ते आधी बघू. चार्ज करताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, कॅथोडमधून (बॅटरीच्या प्लस बाजूतून) निघतात आणि पलीकडे मायनस बाजूला ग्राफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात, फोन वापरताना तिथून परत येतात, एवढाच खेळ. पण पहिल्या चार्जिंगलाच ग्राफाइटवर एक पातळ पापुद्रा धरतो, त्याला एसईआय म्हणतात. तो लागतोच, नाहीतर आतलं इलेक्ट्रोलाइट, म्हणजे ज्यातून हे आयन ये-जा करतात ते द्रव, ग्राफाइटला लागून सतत खराब होत राहील. प्रॉब्लेम असा की हा पापुद्रा वर्षानुवर्षं जाड होत जातो आणि जाड होताना थोडं थोडं लिथियम कायमचं गिळतो. म्हणून जुना फोन सकाळी 100 टक्के दाखवतो आणि दुपारीच मान टाकतो, कारण ते 100 टक्के म्हणजे जेवढी कपॅसिटी उरलीय तिचे 100 टक्के.

ही झीज दोन गोष्टींनी जोरात होते. एक गरमी, आणि दुसरं म्हणजे बॅटरी तासन्‌तास फुल भरून पडून राहणं. फुल चार्जला सेलचा व्होल्टेज साधारण 4.2 असतो, बऱ्याच नव्या फोनमध्ये त्याहून थोडा जास्तच, आणि एवढ्या व्होल्टेजला कॅथोडच्या बाजूलाही इलेक्ट्रोलाइट खराब व्हायला लागतं.

मग रात्रभर लावला तर? ओव्हरचार्ज होत नाही, फुल झाला की फोन स्वतःच करंट बंद करतो, त्यामुळे ती भीती सोडा. पण मध्यरात्री फुल झालेला फोन सकाळपर्यंत तसाच फुल बसतो, त्यात जाड कव्हर, त्यात उशीखाली, म्हणजे दोन्ही शत्रू एकदम. निदान उशीखालून तरी काढा राव. सेटिंगमध्ये ऑप्टिमाइज्ड चार्जिंग असेल तर चालू करा, ते 80 वर थांबतं आणि तुमच्या उठायच्या वेळेच्या आसपास उरलेलं भरतं. 80 ची कायमची लिमिट असेल आणि तेवढ्यात दिवस निघत असेल तर बेस्टच, पण 20 ते 80 च्या नादात दर तासाला टक्के बघत बसू नका, फोन आपल्यासाठी आहे, आपण फोनसाठी नाही.

आणि हो, सारखं सारखं चार्जिंगला लावल्याने बॅटरीच्या चार्ज सायकल वाया जातात हाही गैरसमज. एक सायकल म्हणजे एकूण 100 टक्के वापर. आज 100 वरून 50 पर्यंत वापरला, चार्ज केला, उद्या परत 50 वापरला, तेव्हा कुठे एक सायकल झाली. थोडं थोडं भरणं बॅटरीला चांगलंच.

फास्ट चार्जिंगचा मला तेवढा बाऊ वाटत नाही, 80 च्या पुढे फोन आपोआप करंट कमी करतो, पण चार्जिंगला लावून गेम खेळणं मात्र बंद करा, मागून हात लावून बघा किती तापतो ते. शून्य डिग्रीच्या खालची थंडीही वाईट, त्यात चार्ज केलं तर लिथियम ग्राफाइटच्या आत न जाता वरच धातूसारखं साचतं.

जुना फोन कपाटात ठेवणार असाल तर अर्धा चार्ज करून, बंद करून ठेवा. झिरोवर ठेवला तर तो पडल्या पडल्या अजून उतरतो, आणि फारच खाली गेला की आतली तांब्याची फॉइल विरघळायला लागते, मग तो परत चार्जिंग घेईल याची खात्री नाही.

ई-गाडीवाल्यांनी एक लक्षात ठेवा, बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट, लिथियम आयनचाच एक प्रकार) असेल तर 80 चा नियम तसाच लावू नका. तिचा व्होल्टेज बराच वेळ जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे किती टक्के उरले हे गाडीला नीट कळत नाही, म्हणून बऱ्याच कंपन्या तिला अधूनमधून 100 पर्यंत चार्ज करायला सांगतात. तुमच्या गाडीत कुठली आहे आणि किती दिवसांनी फुल करायचं, ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, एकदा उघडून बघा.